युद्धकाळातलं लष्करी रिव्हॉल्व्हर ओळखताना: आधी काय पाहायचं, नंतर काय

जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर हातात आलं की बहुतेक जण लगेच दोन गोष्टी करतात. कापडावर तेल घेऊन ते पुसायला लागतात, आणि सगळ्यात ठळक कोरलेली अक्षरं वाचून नाव ठरवून मोकळे होतात. दोन्ही चुका महागात पडतात. पुसण्यात मूळ फिनिशचा, म्हणजे धातूवरच्या रंगाचा, पुरावा जातो. ठळक अक्षरं तर पुष्कळदा पेटंटची, तपासनिसाची किंवा नुसत्या मॉडेलची असतात.

ओळख चुकते ती माहिती कमी पडल्यामुळे नव्हे, तर पायऱ्यांचा क्रम उलटा झाल्यामुळे. आधी यंत्रणा, मग कॅलिबर (काडतुसाचं माप), मग शिक्के, मग नंबर, मग फिनिश हा क्रम धरला तर नवख्यालाही ऐंशी टक्के वस्तू बरोबर ओळखता येतात. उरलेल्या वीस टक्क्यांत निदान शंका कुठे घ्यायची ते कळतं.

## तयारी

कायदा. हे काम रिव्हॉल्व्हर बघायला जाण्याआधीचं आहे. परवाना, निकामी केलेल्या शस्त्राचं प्रमाणपत्र, आयात-निर्यात आणि ‘पुरातन’ शस्त्राची व्याख्या या गोष्टी प्रत्येक देशात वेगळ्या आहेत. सर्वांत जास्त गैरसमज शेवटच्या बाबतीत होतो. जिथे पुरातन शस्त्राला सूट आहे, तिथेही वर्ष कशाचं धरायचं हे कायदाच ठरवतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी प्रत्यक्ष तयार झालेलं शस्त्र पुरातन धरलं जातं. म्हणजे ‘मॉडेल १८९५’ हे रशियन नागांट रिव्हॉल्व्हर १९४३ साली बनलेलं असेल तर ते पुरातन नाही. नावातलं वर्ष पाहून निर्धास्त होऊ नका.

घरातल्या जुन्या ट्रंकेत अचानक एखादं रिव्हॉल्व्हर सापडलं तर ते उघडून बघू नका. जागेवरच ठेवा आणि पोलिसांना किंवा परवानाधारक विक्रेत्याला कळवा.

साधनं. लागतात मोजकीच, पण योग्य हवीत:

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- बारीक झोत टाकणारी छोटी टॉर्च
- डिजिटल व्हर्निअर कॅलिपर
- फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या)
- नायट्राइलचे हातमोजे
- पातळ ट्रेसिंग पेपर आणि मऊ शिशाची पेन्सिल
- बंदुकीच्या स्क्रूसाठीचे, टोकाला दोन्ही बाजू समांतर असलेले स्क्रूड्रायव्हर
- वही, कॅमेरा आणि फोटोत ठेवायला छोटी मोजपट्टी

घरातला साधा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. त्याचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, त्यामुळे ते स्क्रूच्या खाचेत वरच्या काठालाच टेकतं आणि काठ फाडतं. फाटलेली खाच पुढचा प्रत्येक जाणकार सगळ्यात आधी बघतो.

## पायरी १: रिकामं आहे याची खात्री

विक्रेता ‘रिकामं आहे’ म्हणाला तरी स्वतः बघायचं, आणि बोट ट्रिगरपासून लांब ठेवूनच बघायचं. उघडण्याची पद्धत प्रत्येक घराण्याची निराळी:

- ब्रिटिश वेब्ली आणि एनफिल्ड: वरच्या लॅचचा खटका अंगठ्याने दाबला की बॅरल पुढे खाली झुकते आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यांचं फिरतं नळकांडं, मोकळं दिसतं.
- स्मिथ अँड वेसन: डावीकडचा खटका पुढे ढकलायचा, सिलिंडर डावीकडे बाहेर येतं.
- कोल्ट: तोच खटका मागे ओढायचा, सिलिंडर डावीकडेच येतं.
- फ्रेंच मॉडेल १८९२: सिलिंडर उजवीकडे बाहेर येतं.
- नागांट, इटालियन बोडेओ, ऑस्ट्रियन रास्ट-गासर: सिलिंडर बाहेर येतच नाही. उजवीकडची छोटी झडप उघडून एकेक कप्पा फिरवत बघावा लागतो.

धोका: नागांटच्या बाबतीत डोळ्यात तेल घालून बघा. त्याच्या काडतुसात गोळी पितळी केसच्या आत पूर्ण बुडालेली असते, टोक बाहेर येत नाही. इतर रिव्हॉल्व्हरांत समोरून गोळ्यांची टोकं दिसतात तशी इथे दिसत नाहीत, आणि भरलेला कप्पा रिकामा वाटू शकतो. झडपेतून सातही कप्पे मोजून बघा. रास्ट-गासरमध्ये कप्पे आठ असतात. सहा मोजून थांबायची सवय इथे घात करते.

## पायरी २: पुसण्याआधी फोटो

वस्तू आहे तशी, धुळीसकट टिपून ठेवा. डावी बाजू, उजवी बाजू, वरून, खालून, मुठीचा तळ, बॅरलचं तोंड, सिलिंडरचा पुढचा आणि मागचा भाग. प्रत्येक फोटोत मोजपट्टी असू द्या.

शिक्क्यांसाठी उजेड समोरून टाकू नका. टॉर्च जवळजवळ धातूला टेकवून तिरका झोत टाका, म्हणजे झिजलेल्या अक्षरांच्या कडा सावलीत उठून दिसतात. तरीही वाचता येत नसेल तर ट्रेसिंग पेपर घट्ट धरून पेन्सिलची बाजू हलक्या हाताने फिरवा. डोळ्यांना निसटलेलं अक्षर कागदावर उमटतं. वाचण्यासाठी खडू, टूथपेस्ट किंवा पॉलिश घासू नका. खाचेतला जुना रंग आणि मळ हाही पुरावाच असतो. तो पायरी ६ मध्ये लागणार आहे.

## पायरी ३: यंत्रणेवरून घराणं ठरवा

अजून एकही अक्षर वाचायचं नाही. चार प्रश्न विचारायचे: कसं उघडतं? कप्पे किती? हॅमरला (मागून आपटणाऱ्या घोड्याला) अंगठ्याने ओढायचा काटा आहे का? बॅरल किती लांब?

मधून मोडून उघडणारं, सहा कप्प्यांचं, सहा इंच बॅरलचं आणि सरळ चौकोनी मुठीचं भारदस्त रिव्हॉल्व्हर बहुधा वेब्ली मार्क ६ (मार्क म्हणजे आवृत्ती) असतं. ते १९१५ मध्ये स्वीकारलं गेलं, कॅलिबर .४५५. त्याच्या आधीच्या मार्क १ ते ५ ची (१८८७ ते १९१३) मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी खाली वळलेली असते आणि बॅरल सहसा चार इंची. हा मुठीचा फरक हाताला आधी कळतो, डोळ्यांना नंतर.

तशाच पद्धतीने उघडणारं, पण अंगाने लहान आणि पाच इंच बॅरलचं असेल तर प्रश्न दोघांतला: एनफिल्ड नंबर २ की वेब्ली मार्क ४, .३८? दोन्ही इतकी सारखी दिसतात की गफलत कायम होते. एनफिल्डच्या फ्रेमला, म्हणजे सांगाड्याला, बाजूने निघणारं झाकण असतं, वेब्लीला नसतं. झाकणाची बारीक सांध शोधा.

हॅमरला काटाच नसेल तर तो तुटला असं म्हणून वस्तू बाजूला ठेवू नका. १९३८ पासूनचं एनफिल्ड मार्क १ स्टार मुद्दाम बिनकाट्याचंच काढलं होतं. ते फक्त ट्रिगर ओढूनच चालतं. जपानी टाइप २६ सुद्धा तसंच आहे, आणि तेही मधून मोडून उघडतं. पण त्याचं कॅलिबर जपानी ९ मिलिमीटरचं, आणि बाजूचं झाकण बिजागरीवर दारासारखं उघडतं.

इतर दोन पटकन ओळखता येतात. ट्रिगर पुढे दुमडला जात असेल आणि भोवती कडी नसेल, तर ते सैनिकांसाठीचं बोडेओ १८८९. साडेपाच इंच बॅरल, .४५ ऑटोमॅटिक काडतूस आणि मुठीच्या तळाला दोरीची कडी असेल, तर अमेरिकी मॉडेल १९१७. हे कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांनीही बनवलं.

तपासणी: या टप्प्यावर वहीत फक्त घराण्याचं नाव लिहा, आणि पेन्सिलने. पुढच्या दोन पायऱ्यांत ते बदलू शकतं.

## पायरी ४: कॅलिबर मोजा, वाचू नका

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. सर्वांत जास्त फसगत इथेच होते, आणि फसगत नुसत्या पैशांची नसते.

.३८ चा घोळ. स्मिथ अँड वेसनच्या युद्धकाळातल्या व्हिक्टरी मॉडेलचे दोन मुख्य प्रकार आहेत. अमेरिकी सेवेसाठीचं .३८ स्पेशलमध्ये, बहुधा चार इंची. ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या फौजांसाठीचं .३८ एस अँड डब्ल्यूमध्ये, म्हणजे ब्रिटिश ज्याला .३८/२०० म्हणत त्या काडतुसाचं, बहुधा पाच इंची. नावात दोन्हीकडे .३८, पण काडतुसं वेगळी. .३८ एस अँड डब्ल्यूची केस जाड आणि आखूड: व्यास सुमारे ९.८ मिलिमीटर, लांबी सुमारे १९.७. .३८ स्पेशलची केस बारीक आणि लांब: व्यास सुमारे ९.६, लांबी सुमारे २९.३.

युद्धानंतर हजारो ब्रिटिश व्हिक्टरींचे कप्पे आतून खोल कोरून त्यांत .३८ स्पेशल बसेल असं केलं गेलं. अशा कप्प्यात बारीक केस मागच्या बाजूला सैल राहते. उडवली तर ती फुगते किंवा फाटते.

हे ओळखायचं असं. रिकामं सिलिंडर बाहेर काढून उजेडाकडे धरा आणि कप्प्यात मागून बघा. आत एक पायरी दिसेल, जिथे कप्पा अरुंद होतो. ती मागच्या तोंडापासून साधारण २० मिलिमीटरवर असेल तर कप्पा मूळ आहे. पायरी २९ मिलिमीटरच्या आसपास सरकलेली असेल आणि २० च्या जागी एक फिकट वर्तुळ उरलं असेल, तर कप्पा नंतर कोरलेला आहे. कॅलिपरचा खोली मोजायचा दांडा इथे कामाला येतो. सहाही कप्पे बघा, एका कप्प्यावरून निष्कर्ष काढू नका.

बॅरलच्या बाजूला कॅलिबर लिहिलेलं असतं, त्याची तुलना शेवटी करा. बॅरलवर ‘एस अँड डब्ल्यू सीटीजी’ (सीटीजी म्हणजे काडतूस) आणि कप्पा मात्र स्पेशलच्या खोलीचा असेल, तर गोष्ट स्पष्ट आहे.

.४५५ चा घोळ. अमेरिकेत विकल्या गेलेल्या कित्येक वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू तासून पातळ केली आहे. त्यामुळे .४५ ऑटोमॅटिक काडतुसं धातूच्या चकतीत अडकवून बसवता येतात. बाजूने बघितलं तर सिलिंडर आणि मागची फ्रेम यांच्यात नेहमीपेक्षा मोठी फट दिसते, आणि तासलेल्या पृष्ठभागावर यंत्राच्या गोलाकार रेघा असतात.

धोका: .४५ ऑटोमॅटिक काडतुसाचा दाब मूळ .४५५ पेक्षा बराच जास्त असतो, आणि वेब्ली त्या दाबासाठी बनलेलं नाही. ‘बसतं’ म्हणजे ‘चालतं’ असा अर्थ घेऊ नका. कुठलंही जुनं रिव्हॉल्व्हर जाणत्या गनस्मिथने तपासल्याशिवाय उडवायचं नसतं. तासलेलं वेब्ली तर संग्रहात शोभेचंच राहू द्या.

तासलेल्या किंवा कोरलेल्या वस्तू घेऊच नयेत असं नाही. अभ्यासाला त्या उत्तम. फक्त किंमत मूळ वस्तूची देऊ नका.

## पायरी ५: शिक्के, गटागटाने

आता भिंग घ्या. शिक्के जसे दिसतात तसे वाचले तर डोकं गरगरतं. त्यांचे गट पाडा: कोणी बनवलं, कोणी तपासलं, कोणाची मालमत्ता, आणि सेवेतून बाहेर पडल्यावर काय झालं.

कोणी बनवलं. ‘एनफिल्ड’ हे नाव दिसलं की ते एनफिल्ड नंबर २, हा हमखास चुकणारा निष्कर्ष आहे. १९२१ ते १९२६ या काळात वेब्ली मार्क ६ हे .४५५ रिव्हॉल्व्हरसुद्धा एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनत होतं. उलट एनफिल्ड नंबर २ युद्धकाळात ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सनेही बनवलं. म्हणून आधी पायरी ३ आणि ४, मग नाव.

स्मिथ अँड वेसनच्या बॅरलच्या माथ्यावर १९०६, १९०९, १९१४ अशा तारखा असतात. त्या पेटंटच्या आहेत. ‘१९१४ चं रिव्हॉल्व्हर’ म्हणून विकायला ठेवलेली व्हिक्टरी या एका ओळीमुळेच फसवते. फ्रेंच १८९२ मध्ये ‘१८९२’ हे मॉडेल, आणि खरं वर्ष बॅरलच्या उजव्या बाजूला ‘एस’ अक्षरापुढे कोरलेलं असतं. नागांटवर ताऱ्यात बाण असेल तर तुला कारखाना, त्रिकोणात बाण असेल तर इझेव्स्क.

कोणी तपासलं. ब्रिटिश वस्तूंवर मुकुट, खाली आकडा आणि त्याखाली ‘ई’ असा बारीक ठसा ठिकठिकाणी असतो. तो एनफिल्डच्या तपासनिसाचा आहे, उत्पादकाचा नव्हे. अमेरिकी मॉडेल १९१७ वर गरुडाचं डोकं आणि आकडा, तर व्हिक्टरीच्या फ्रेमच्या माथ्यावर मालमत्तेच्या शिक्क्यापुढे ‘जी. एच. डी.’ ही तपासणी अधिकाऱ्याची आद्याक्षरं.

कोणाची मालमत्ता. रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकार. ‘सी’ च्या पोटात बाण म्हणजे कॅनडा. ‘डी’ बाण ‘डी’ म्हणजे ऑस्ट्रेलिया. बाणाखाली ‘आय’ म्हणजे भारत. हे शिक्के देशोदेशीच्या प्रवासाचे असतात, आणि एकाच वस्तूवर दोन देशांचे असू शकतात. त्यात संशयास्पद काही नाही.

बाहेर कशी पडली. दोन बाण टोकाला टोक भिडवून कोरलेले असतील, तर ती वस्तू सरकारने रीतसर विकून टाकली. ब्रिटनमधून बाहेर विकल्या गेलेल्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरांवर ‘नॉट इंग्लिश मेक’ असे शब्द आणि बॅरलवर टनांत दाब लिहिलेला आढळतो. हे नागरी परीक्षणाचे ठसे आहेत, लष्कराचे नव्हेत. ‘एफ. टी. आर.’ आणि पुढे वर्ष असेल तर कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाली आहे. ते वर्ष जन्माचं नव्हे. नागांटवर चौकोन आणि त्यातून तिरपी रेघ असेल तर तीही दुरुस्तीची खूण.

.३८ च्या वेब्ली मार्क ४ वर ‘वॉर फिनिश’ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ इतकाच की युद्धाच्या घाईत पॉलिश न करता वस्तू बाहेर पाठवली. खरखरीत पृष्ठभागाला दोष समजून तो घासू नका, तेच त्याचं खरं रूप आहे.

एनफिल्डच्या ताऱ्यांविषयी थोडं. बरीच जुनी मार्क १ नंतर काटा काढून मार्क १ स्टार केली गेली, त्यामुळे तारा मागाहून मारलेला असणं साहजिक आहे. दोन तारे, म्हणजे १९४२ चं मार्क १ डबल स्टार, ही वेगळी बाब. त्यात हॅमरचा सुरक्षा अडसर काढून टाकला होता, आणि नंतर अशी रिव्हॉल्व्हरं परत बोलावून अडसर बसवले गेले. बिनबदलाचं डबल स्टार क्वचितच मिळतं. कोणी सहज पुढे केलं तर दुसऱ्या ताऱ्याच्या कडा भिंगाखाली बघा.

## पायरी ६: नंबर जुळवा आणि ठशाची खोली बघा

नंबर एका जागी वाचून थांबू नका. स्मिथ अँड वेसन व्हिक्टरीचा नंबर पाच जागी असतो: मुठीच्या तळाला, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, बॅरलच्या खालच्या सपाटीवर, काडतुसं ढकलणाऱ्या चांदणीच्या मागे आणि उजव्या मुठीच्या लाकडाच्या आतल्या बाजूला.

लाकडाचा नंबर बघायला मूठ काढावी लागते, आणि इथेच लाकूड फुटतं. स्क्रू पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे शिल्लक ठेवा आणि स्क्रूच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. पलीकडची पट्टी आपोआप सुटून येते. मग स्क्रू काढून पहिली पट्टी आतून बोटाने ढकला. फटीत पातं घालून उचकटलं तर कडेचा टवका उडालाच म्हणून समजा.

नंबरापुढचं अक्षरही वाचा. दहा लाखांचा आकडा पुरा झाल्यावर १९४२ मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘व्ही’ लावून नवी मालिका सुरू केली. पुढे त्यात ‘एस’ ची भर पडली, ती नव्या हॅमर ब्लॉकची (हॅमरच्या सुरक्षा अडसराची) खूण आहे. रिव्हॉल्व्हर खाली पडून गोळी सुटल्याने नौदलातल्या एका खलाशाचा जीव गेला, त्यानंतर हा बदल झाला. साध्या ‘व्ही’ ची वस्तू हाताळताना हे ध्यानात ठेवा.

इथे उलटी चूकही होते. कोल्ट मॉडेल १९१७ च्या मुठीच्या तळावरचा नंबर लष्कराचा असतो, आणि सिलिंडर ज्या दांड्यावर बाहेर येतं त्याच्याजवळ फ्रेमवर असतो तो कारखान्याचा. दोन्ही वेगळेच असतात. ‘नंबर जुळत नाही’ म्हणून चांगलं कोल्ट हातचं सोडू नका. स्मिथ अँड वेसनच्या १९१७ मध्ये मात्र ते जुळले पाहिजेत.

दुरुस्त केलेल्या नागांटचे नंबर तर बहुतेक जुळतातच, कारण दुरुस्तीच्या वेळी सुटे भाग एकत्र करून नवे नंबर मारले गेले. अक्षरांची घडण आणि आकार सगळ्या भागांवर एकसारखा आहे का, आणि खोडलेला जुना नंबर कुठे डोकावतो का, ते बघा.

आता खोली. कारखान्यात ठसा मारून नंतर रंग चढवला असेल, तर खाचेच्या तळाचा रंग आजूबाजूसारखाच असतो. फिनिशनंतर मारलेल्या ठशाचा तळ उघडा, चकचकीत असतो आणि कडेला धातूची बारीक वरंबी उठलेली असते. मालमत्तेचे आणि आयातीचे शिक्के नंतरच मारले जातात, म्हणून एवढ्यावरून ते खोटे ठरत नाहीत. पण कारखान्याचा असल्याचा दावा असलेला शिक्का असा दिसला, की वस्तू खाली ठेवा. खाचेचा तळ एकसारखा सपाट असेल तर तो ठोकलेला नव्हे, यंत्राने कोरलेला आहे.

धोका: नंबर घासून काढलेला किंवा पुन्हा कोरलेला असेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. अनेक देशांत अशी वस्तू नुसती बाळगणं हाच गुन्हा आहे.

## पायरी ७: फिनिश मूळ आहे का

गंजाचे खड्डे निळ्या-काळ्या रंगाने भरलेले दिसले तर रंग गंजानंतर चढला आहे. हा एक पुरावा पुरेसा असतो. दुसरा पुरावा कडांचा. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या फ्रेमच्या धारदार कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात आणि अक्षरांची एक बाजू पुसट होते.

व्हिक्टरीचा मूळ रंग निस्तेज, वाळूने मारल्यासारखा असतो. चमकणारी निकेलची व्हिक्टरी युद्धानंतर सजवलेली आहे. मुठीचा तळही तपासा. दोरीची कडी काढून भोक बुजवलेलं असतं, आणि बूच कितीही सफाईदार असलं तरी तिरक्या उजेडात वर्तुळ दिसतं. बॅरल कापून आखूड केली असेल तर समोरची नेम धरायची माशी वेगळी बसवलेली असते आणि बाजूची अक्षरं बॅरलच्या मध्यावर राहत नाहीत.

सरकारी दुरुस्तीत दिलेलं फिनिश आणि बाजारात दिलेलं फिनिश एकाच मापाने मोजू नका. पहिलं त्या वस्तूच्या लष्करी आयुष्याचा भाग आहे.

## पायरी ८: यंत्रणा तपासा, चाप न वाजवता

मालकाची परवानगी घ्या. रिकामं आहे हे पुन्हा बघा. रिकामा हॅमर आपटू देऊ नका, जुना फायरिंग पिन तडकतो आणि तसा भाग पुन्हा मिळत नाही.

1. हॅमर अंगठ्याने सावकाश मागे न्या, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून. हॅमर पूर्ण मागे पोहोचेपर्यंत सिलिंडर अडकलं पाहिजे. सगळ्या कप्प्यांवर हे करा आणि दर वेळी हॅमर अंगठ्याने धरूनच खाली सोडा.
2. बंद सिलिंडर पुढे-मागे हलवून बघा. किंचित हालचाल चालते, खडखड नको.
3. सिलिंडर आणि बॅरल यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर ठीक. नागांटला हे लागू नाही, त्यात हॅमर मागे नेला की सिलिंडरच पुढे सरकून बॅरलला भिडतं.
4. बॅरलमधून उजेड बघा. आत एखादं गडद कडं दिसलं तर तिथे बॅरल फुगलेली आहे. बाहेरून बोट फिरवलं तर तो उंचवटा जाणवतोही.

बिनकाट्याच्या एनफिल्डला पहिली तपासणी अशी करता येत नाही. ती गनस्मिथकडूनच करून घ्या.

## पायरी ९: घ्यायचं की नाही

संग्रहाला विषय ठरवला तर पैसे वाया जात नाहीत. ‘दोन्ही महायुद्धांची सगळी रिव्हॉल्व्हरं’ हा विषय नव्हे, ती नुसती हाव आहे. त्यापेक्षा .३८/२०० हे एकच काडतूस घ्या: एनफिल्ड नंबर २, वेब्ली मार्क ४ आणि ब्रिटिश व्हिक्टरी. तीन कारखान्यांनी एकच गरज तीन रीतींनी कशी भागवली, हे तीन वस्तूंत समोर येतं. सुरुवात दुर्मीळ वस्तूपासून करू नका. ज्याची भरपूर उदाहरणं तुलनेला मिळतात त्यावर डोळा तयार होतो.

‘अमुक अधिकाऱ्याने आघाडीवर वापरलेलं’ असं सांगितलं जातं. त्याला त्या काळचा कागद असेल आणि त्या कागदावर नंबर असेल, तरच त्याचे जादा पैसे द्या. स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट यांच्या बाबतीत कारखान्याच्या अभिलेखांवरून वस्तू कधी आणि कुठे रवाना झाली याचं पत्र मिळवता येतं. होल्स्टरवरचं वर्ष होल्स्टरचं असतं, रिव्हॉल्व्हरचं नव्हे.

## पायरी १०: घरी आणल्यावर

आता पुसा, पण बेताने. मऊ सुती कापडावर बंदुकीचं तेल घेऊन धूळ आणि जुनं चिकट तेल काढा. पिंगट, घट्ट बसलेला जुना थर काढायचा नसतो. बोटाला भुकटी लागते असा तांबूस गंज तेवढा थांबवायचा: तेलाचा थेंब दिवसभर मुरू द्या आणि मग कापडाने उचला. स्टील वूल, सँडपेपर, गंज खाणारं रसायन यांतलं काहीही नको. वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. लाकडाला वॉर्निश नको.

होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हर कधीही साठवू नका. चामडं दमटपणा धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार धातूला खातात. चामड्याच्या शिवणीचा नक्षा बॅरलवर गंजाने उमटलेला अनेक वस्तूंवर दिसतो. फोमच्या पेटीचंही तेच, ती प्रवासापुरतीच ठीक. कुलूपबंद कपाट, ४० ते ५० टक्के आर्द्रता, सिलिका जेलची पुडी, आणि काडतुसं ठेवायची परवानगी असेल तर ती वेगळ्या कुलपात.

पहिली तपासणी महिन्याने करा, पुढे दर तीन महिन्यांनी. हातमोजे घालून काढा. मुठीच्या लाकडाखालची फ्रेम आणि सिलिंडरच्या मागची बाजू बघा, कारण गंज आधी तिथेच धरतो. वहीत तारीख, काय दिसलं आणि काय केलं ते लिहा. पायरी ३ ला पेन्सिलने लिहिलेलं नाव आता शाईने लिहा, शेजारी सगळ्या जागांचे नंबर आणि पायरी २ च्या फोटोंचे क्रमांक जोडा. वहीची एक प्रत कपाटाबाहेर दुसरीकडे ठेवा.